मांडीचं माप

लॉकडाउनमध्ये विमानं बंद झाली आणि सासूबाई आमच्याकडे आयर्लंडमधल्या रिंगास्किडीतच अडकल्या. शेजारचे येन्सआजोबा डेन्मार्कचे, आयुष्यभर खुर्च्या घडवत आलेले. त्यांनी अंगणात बोलावून आपली लाडकी खुर्ची पुढे केली, तर सासूबाई चपला काढून तिच्यात चक्क मांडी ठोकून बसल्या! येन्सनी दोन मीटरवरून माझ्याकडे टेप फेकली. "या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत माप घे!"

"चुकलं का गं माझं काही?" सासूबाई ओशाळल्या.

महिनाभराने नवी खुर्ची आली. ऐसपैस, बिनहातांची, खास मांडीसाठी घडवलेली. येन्स श्वास रोखून उभे. सासूबाई अगदी कडेला टेकल्या. पाय खाली, पाठ ताठ.

"सांग त्यांना," त्या ऐटीत म्हणाल्या, "महिनाभर सराव केलाय म्हणावं!"