अस्सल लोकर

बानाबाईचा जन्म मेंढरांमागं गेला. लोकर नुसती चिमटीत धरली, की ती मेंढीचं वय सांगायची. सुनेनं, रत्नमालानं, परदेशी मेंढीची म्हणून लई बारीक लोकर ऑनलाइन मागवली आणि चार महिने डोळे फोडून सासूसाठी जाळीदार शाल विणली. शाल हातात येताच बानाबाईनं तिची कड चिमटीत धरून पाहिली.

सून चहा टाकायला आत गेली, तसं बानाबाईनं उरलेल्या धाग्याचं टोक काडीनं पेटवलं. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि हाताला राख लागते. हा धागा मात्र प्लास्टिकसारखा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. बानाबाईनं तो मणी कुंडीतल्या मातीत दाबून टाकला.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात शेजारणी शेकोटीभोवती जमल्या. रत्नमालानं सगळ्यांदेखत विचारलं, "आत्याबाई, तुमीच सांगा, कशी हाय लोकर?"

"काय सांगू बाई! अशी अस्सल लोकर उभ्या जन्मात नाय पाहिली," म्हणत बानाबाईनं शाल अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली,


आणि आपला पाट शेकोटीपासून चार हात लांब सरकवला.