पिळाची पट्टी

नवी चूल पडवीत मांडायची की परसात, एवढंच ठरायचं राहिलं होतं. लीला आणि रंभा, दोघी जावा इरेला पेटल्या होत्या. एकीचं दुसरीला लावण्यात त्यांची सासू गोजराबाईच पुढं असायची. पण कासार आंबोलीतलं आपलं घर फुटावं, इतकं काही तिच्या मनात नव्हतं.

बाई पक्की. ग्रामसेविकेच्या वर्गात ती लोकरीचं विणकाम शिकली होती. एकदा मफलरची टोकं जोडताना मध्येच पीळ पडला. बाया हसल्या, तिथं आलेल्या पौडच्या गणिताच्या मास्तरांनी मात्र त्यावर बोट फिरवत फिरवत सांगितलं, "आजी, नवल आहे हे. याला बाजू एकच!" गोजराबाईनं ते डोक्यात ठेवलं होतं.

तिनं पांढऱ्या लोकरीची जाडजूड पट्टी विणली, टोकं पीळ देऊन जोडली आणि सुनांपुढं टाकली.

"लीले, तू वरल्या बाजूनं लाल टाके घाल. रंभे, तू आतल्या बाजूनं हिरवे. सुई आरपार न्हाई, कड वलांडायची न्हाई. जमलं, तर आजच चूल येगळी!"

लीला आधी बसली. टाके घालत घालत सुरुवातीच्या गाठीपाशी परत आली, तेव्हा रंभासाठी जागाच उरली नव्हती.

"बघा आत्याबाई, माजी बाजू बी लाटली हिनं!"

"आईच्यान, म्या कड वलांडली न्हाई!"

रंभानं लाल टाके उसवले आणि तणतणत स्वतः बसली. तिन्हीसांजेला पट्टी आतबाहेर हिरवी झाली होती.

गोजराबाई पदराआड हसली. "अगं बायांनो, हिला दुसरी बाजूच न्हाई. घराचं बी तसंच. वाटणी कशाची करताय?"

जावांनी पट्टीवर बोट फिरवून पाहिलं. मग किती दिवसांनी एकमेकींशी कुजबुजल्या.

"आत्याबाईंनी तुला बी माज्याबद्दल असंच सांगितलं व्हतं?"

"अगदी असंच!"

दोघी खुदकन हसल्या. गोजराबाईच्या जिवात जीव आला.

"पटलं आत्याबाई," लीला म्हणाली. "आमी दोघी एकाच चुलीवर रांधनार."

रंभानं कोपऱ्यातल्या तीन विटा उचलल्या.

"तुमची पडवीत मांडू, का परसात?"