रांगेचं चित्र
आमच्या हवाना शहरात पावाच्या रांगेत कुणी उभं राहत नाही. ‘शेवटचा कोण?’ विचारायचं, तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि सावलीत पसरायचं. मीही नंबर लावून वहीत सगळ्यांना रंगवतो. कुणाची जांभई, कुणाची तुटकी चप्पल. भूकसुद्धा विसरतो. शेजारच्या ओदालिसमावशींना संशयच. “कुणाला दाखवतोस रे आमची तोंडं? सरकारला?” आज दुकान उघडताच ‘मी आधी, मी आधी’ सुरू झालं. मावशींनी वही हिसकावली. “हा घ्या पुरावा! चित्राप्रमाणे उभे राहा!” त्यांचा खरा नंबर नववा, पण त्यांची लाल छत्री पुढे शोभेल म्हणून मी त्यांना सर्वांत पुढे काढलं होतं. “पोरगा प्रामाणिक आहे हो,” त्या म्हणाल्या. मी माझ्या जागी जाताच त्या गरजल्या, “तू चित्रात कुठेयस? घुसतोस होय, चोरा?” पाव संपले. उद्याची रांग आजच रंगवलीय. पहिला मी, हातात लाल छत्री.