सोळा रंग

शेठचा चेहरा हिरवा दिसत होता.

सुनिलने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. काळ्या पडद्यावर आधी संस्थेचं बोधचिन्ह आलं, मग लॅबच्या उद्घाटनाचा फोटो, आणि फोटोच्या मधोमध शेठ, शेवाळ धरलेल्या दगडासारखे. शेजारच्या मशीनवर तेच. अकराच्या अकरा मशीनवर तेच.

संस्था चालवणारे शेठ उद्या सकाळी पाहुण्यांना घेऊन तलासरीच्या या मुलींच्या वसतिगृहात येणार होते. पाहुणे म्हणजे नव्या वसतिगृहाला देणगी देणारी माणसं. त्यांच्यासमोर शेठ स्वतःच्या हाताने बटण दाबणार, हे ठरलेलं. रंगांची तक्रार त्यांच्या कानावर गेलीच होती. काल फोनवर म्हणाले, "सुनिल, रंग बदलले नाहीत तर अधीक्षक बदलतो." आणि नेहमीसारखे हसले नाहीत.

खिडकीशी उमेश कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. सरावलीच्या दुरुस्तीच्या दुकानातला, तिशीतला माणूस. दिवाळीनंतर स्वतःच येऊन लॅबचं काम मागून घेतलं होतं. काम चोख, तोंड बंद. त्याचं आडनाव विचारायची सुनिलला कधी गरज पडली नव्हती.

"मंगळवारी तू हात लावलास आणि वाट लागली," सुनिल म्हणाला.

"अपडेट टाकली, सर. जुनी पॅलेट नव्याला जमली नाही."

"मराठीत बोल."

उमेशने शांतपणे सांगितलं. मशीन जुन्या, त्यावर लिनक्स. सुरू होतानाच्या चित्राला सोळाच रंग मिळतात, सोळा खणांची पेटीच समजा. फोटोत छटा हजारो. मग जवळजवळच्या छटा एका खणात कोंबायच्या. पहिल्यांदा ज्याने हे चित्र बसवलं त्याने बहुतेक खण बोधचिन्हाला आणि शेठच्या जाकिटाला वाहिले. मागे उभ्या मुली आणि गेरूची भिंत मिळून एकच खण. म्हणून शेठच्या मागे नुसता तपकिरी पट्टा होता. वर्षभर कोणाला खटकला नाही. शेठ हिरवे झाले तेव्हा बोंब झाली.

"मागच्यांचं सोड. शेठना गोरं कर, बस."

उमेश म्हणाला की ते या चित्रातून होणार नाही. एका खणात कोंबलेलं परत वेगळं निघत नाही. मूळ फोटो लागेल.

सुनिलचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

मूळ फोटो ऑफिसच्या कपाटात, पेनड्राइव्हवर होता. कपाट उघडायचं नाही, असा शेठचा हुकूम होता, त्या चौकशीपासून. गेल्या जुलैत वसतिगृहातली प्रगती नावाची मुलगी तापाने गेली. रजिस्टरप्रमाणे सोळा तारखेलाच तिला बाप घरी घेऊन गेला होता, धडधाकट. ताप घरचा, दिरंगाई घरच्यांची. बाप चिमण म्हणत राहिला की मी तेव्हा नरपडला चिकूच्या वाडीत कामाला होतो. आई सोमी फाटकापुढे आठ दिवस बसली. पोरगी घरी आलीच नाही, तुमच्या खोलीतच फणफणली, एवढं एकच ती बोलायची. पण रजिस्टरात नोंद होती, नोंदीखाली बापाच्या नावापुढे अंगठा होता. नोंद सुनिलच्याच अक्षरात, वळणदार. कागदापुढे सोमीचं कोण ऐकतो? चौकशी मिटली.

अधिकाऱ्याने फोटोही मागितले होते. सुनिलने त्याला याच लॅबमध्ये आणून कॉम्प्युटर चालू करून दाखवला. आमच्याकडे आहे तो हा एवढाच, म्हणाला.

आता तो खिडकीबाहेर बघत राहिला. उद्घाटनाच्या फोटोत काय असणार? शेठ, नारळ, रिबीन, पोरी. त्याने खिशातून किल्ली काढली.

पेनड्राइव्ह हातात देताना म्हणाला, "एकच फोटो घ्यायचा. मी इथेच उभा आहे."

उमेशने एकच घेतला. आधी मोबाइलवर उतरवला, मग मशीनवर. त्यावर सुनिलने भुवया चढवल्या, तेव्हा म्हणाला की जुन्या मशीनचा भरवसा नाही, एक प्रत हाताशी असलेली बरी.

मग तो कामाला लागला. एकेक खण रिकामा करायचा, एकेक भरायचा. चहा आला, निवला. सुनिलने तीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी उमेश बाजूला सरकला आणि म्हणाला, "दाबा बटण."

बोधचिन्ह आलं. शेठ आले, गुलाबी, तुकतुकीत. सुनिल आठवड्यात पहिल्यांदा हसला.

"जमलं रे तुला."

"मागची रांग बघा की, सर. यावेळी चार खण त्यांना दिलेत."

तपकिरी पट्टा सुटा झाला होता. भिंत भिंतीच्या जागी, आणि तिच्यापुढे चौदा मुली. त्यांच्या डोक्यावरच्या बॅनरची अक्षरंही उमटली होती: संगणक कक्ष उद्घाटन, २१ जुलै. डावीकडून तिसरी मुलगी घोंगडी पांघरून शेजारणीच्या खांद्यावर कलली होती. डोळे अर्धे मिटलेले. सुनिलने तिला ओळखलं नसतं, हॉस्टेलातल्या पोरींची तोंडं त्याने कधी पाहिलीच नव्हती. पण हा चेहरा चौकशीच्या फायलीवर टाचलेला होता, आणि ती फाईल चार महिने त्याच्या टेबलावर होती.

"हे पूस," तो म्हणाला. "होतं तसं कर."

"मशीनवरचं करतो. पण मूळ फोटो मघाशीच पाठवला."

"कोणाला?"

"सोमीला. माझी थोरली बहीण ती."

उमेशने पेनड्राइव्ह शर्टाला पुसून त्याच्यापुढे ठेवला.

"रंग मीच बिघडवले होते, सर. त्याशिवाय तुम्ही किल्ली काढली नसती."