आत्याच्या साडीला काडी

शेखर सरांनी काडी ओढली आणि प्रियांकाने मनातल्या मनात अग्नीला नमस्कार केला.

घमेल्यात आधीच बरंच काही होऊन गेलं होतं. सुती धोतराची चिंधी शहाण्यासारखी जळून राख झाली होती. नायलॉनची ओढणी वितळून काळी गोळी झाली होती. कुणाच्या तरी नवऱ्याच्या पँटीला असा वास सुटला की पहिली रांग आपोआप तिसरी झाली. शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस जवळ आले होते. आगीजवळ कोणतं कापड घालावं आणि कोणतं नाही, हे बचत गटाच्या बायकांना दाखवायला सर शहापूरहून शेणव्याला आले होते. येताना घरातली एकेक चिंधी आणा, असा निरोप होता.

प्रियांकाने अख्खी साडी आणली होती.

"ताई, तुकडा पुरला असता," सर म्हणाले.

"असू दे सर. कमी पडायला नको."

साडी जांभळी होती. काठ पोपटी. पदरावर सोनेरी मोर होते, निदान आत्याचं तसं म्हणणं होतं. घरातल्या बाकीच्यांना त्या कोंबड्या वाटत. शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याची आत्या म्हणजे प्रियांकाच्या सासऱ्यांची थोरली बहीण. तिने ही साडी फार वर्षांपूर्वी भावजयीला, म्हणजे प्रियांकाच्या सासूला आहेरात दिली होती. सासूने ती नव्या सुनेच्या ओटीत घातली. आता रविवारी आत्याच्या मुलाचं लग्न होतं आणि सुनेने माझीच साडी नेसून यायचं, असा आत्याचा हुकूम होता. आत्याला नाही म्हणणारा माणूस दोन्ही तालुक्यांत अजून जन्मला नव्हता. त्यात मुरबाडचा व्हिडिओवाला ड्रोन आणणार होता. म्हणजे साडी वरूनही दिसणार.

साडी हरवली असती तर शोधाशोध झाली असती. फाटली असती तर आत्याने रफू करून दिली असती. पण चारचौघींसमोर, गावाच्या भल्यासाठी जळली, तर कोण काय बोलणार?

सासू चिमाबाई तिथेच बसली होती. तिच्यासाठी प्रियांकाने 'घाईत हाताला लागली, आई' हे वाक्य तयार ठेवलं होतं. ते वापरावंच लागलं नाही. चिमाबाईने काही विचारलं नाही. खुर्ची तेवढी पुढे ओढली.

सरांनी पदराला काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली. तीही विझली. मग मेणबत्ती धरली. मेणबत्ती निम्मी झाली, कोंबड्या होत्या तशाच. शेवटी वडापाववाल्याकडून गॅसची शेगडी आली. पदर जरासा काळवंडला. सरांनी झटकला तर तो काळेपणाही गेला.

सरांनी कापड बोटांनी चोळलं, उलटंपालटं केलं, हुंगलं.

"ताई, हे साडीचं कापडच नाही. थेटरातल्या पडद्याला वापरतात ते आहे. हे आग धरत नाही." मग ते सगळ्यांकडे वळले. "राब असो, चूल असो, लग्नाचा मांडव असो. बायांनो, अंगावर असं कापड पाहिजे."

टाळ्या झाल्या. प्रियांकाच्या खांद्यावर साडी पांघरून फोटो काढला गेला. फोटो गटाच्या ग्रुपवर गेला आणि सर घमेलं धुवेपर्यंत वैशाखऱ्याला पोचलासुद्धा. तिकडून फोनवर आत्याचा आवाज आला, "बघितलंस ना गो? कापडाची पारख लागते. आता शनवारी हळदीला पण तीच नेस, लग्नाला पण तीच."

परतताना प्रियांकाने साडी पिशवीत कोंबली. चिमाबाई थोडा वेळ तिच्या जोडीने चालली. मागेपुढे कुणी नाही असं बघून तिने सुनेच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"तू हळदीला ड्रेस घालून निघ. साडी पिशवीतच र्‍हाऊ दे."

"आत्या विचारतील ना, आई."

"इचारू दे. जळत नाय ते मला ठावं होतं गो, दोनदा चुलीत घालून बघितलीय. शनवारी जाताना पुलावर जरा गाडी थांबवू. बुडते काय ते बघू."