चाखायचं नाही

धाकट्या जावेनं धोंडसासाठी काकडी मागितली आणि मी तिला कुंपणावरच्या वेलाचं कडूजहर तवसं मुद्दाम निवडून दिलं.

बावीस वर्षं मी काकडीच्या किसाचं हे गोड धोंडस भाजतेय, टोपाखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून. ही उल्का घाटावरची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली काय आणि देवळातल्या धोंडस स्पर्धेत दोनदा पहिली काय! सासूबाई तर गावभर सांगत सुटल्या, "उल्काच्या हाताला चव आहे." मग माझ्या हाताला काय, राख? धोंडस आधी देवाला दाखवायचं, म्हणून करताना काही चाखायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. ती फसणार हे नक्की होतं.

पहिला नंबर माझा आला. पण दुसरा उल्काचा! कडू धोंडसाला नंबर मिळालाच कसा?

बक्षिसाची साडी घेऊन मी व्यासपीठावरून खाली उतरले, तशी ती धावत आली. माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता.

"वहिनी, तुम्ही दिलेलं तवसं कडू निघालं हो. म्हटलं, तुम्हीपण त्याच वेलाचं किसलं असणार. तुम्ही देवळात फुलं द्यायला गेलात ना, तेव्हा शेजारून दोन तवशी आणली आणि तुमचाही कीस बदलून टाकला."

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

"पण वहिनी, मी चाखलं, हे आईंना सांगू नका हं."