गाणं उरलं तेव्हा

फिगर स्केटिंगचा सराव मी भोकरदनला आमच्या सिमेंटच्या खळ्यावरच केला. रोज आधी मक्याचं भुसकट झाडायचं, मग चाकांचे बूट घालायचे. खरबरीत जमिनीवर चाकं अडायची; तो अंदाज धरूनच नाच गाण्यावर बसवलेला. स्पर्धेतली फरशी मात्र गुळगुळीत. चाकं सुसाट सुटली, प्रत्येक गिरकी गाण्याच्या आधीच संपू लागली. कडेला बसलेली आई ओरडली, "दम धर माय! काहून पळून राह्यली?" पाय ऐकेनात. शेवटची उडीसुद्धा मारून झाली, आणि गाणं अजून उरलेलं! परीक्षक बघत होते. नुसतं उभं राहवेना. मी वाकले आणि रिकाम्या हातात झाडू असल्यागत फरशी झाडायला लागले. प्रत्येक ठेक्याला एक फटकारा. आता कुठं पाय गाण्याबरोबर चालले. झाडत झाडत आईपाशी आले. गाण्याचा शेवटचा ठोका पडला आणि आईनं सवयीनं पाय वर घेतले.